रागीच्या शेतावरच्या टेपा

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. आरोपीचा चेहरा एका गुन्ह्यातला आठवतो, पंचनामा दुसऱ्यातला. सर्जापूर रोडवरच्या टेपांच्या चोरीचं मात्र तसं झालेलं नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात, म्हणून नाव कोणाचंच देत नाही.

मी मूळचा सीमाभागातला. घरी मराठी, नोकरी कर्नाटक पोलिसांत. ठाण्यात मराठी माणूस आला की हवालदार त्याला सरळ माझ्याकडे धाडत. तसेच एका सकाळी ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. बोलायला लागले तेव्हा शेजारच्या टेबलावरचा लेखनिकसुद्धा मान वर करून बघायला लागला, असा आवाज. तरुणपणी ते रेडिओवर इंग्रजी रॉक अँड रोलच्या गाण्यांचा कार्यक्रम सादर करत. त्या काळी कॉलेजची मुलं त्या अर्ध्या तासासाठी रेडिओला चिकटून बसत म्हणे.

"स्टुडिओतल्या टेपा पुसून पुन्हा वापरायचे, साहेब," ते म्हणाले. "म्हणून मी घरचे स्पूल घेऊन जायचो आणि माझ्या कार्यक्रमाची प्रत करून आणायचो. असे चौसष्ट स्पूल होते. कपाट उघडलं तर एकही नाही."

गुन्हा नोंदवून मी त्यांच्या घरी गेलो. कुलूप तोडलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांच्या पत्नी, दोघंच. संशय घ्यायला माणूसही आयता होता. त्याच इमारतीत पुण्याहून आलेला चाळिशीचा एक इंजिनिअर राहत होता. जुन्या रेडिओ निवेदकांच्या ध्वनिमुद्रणांचं त्याला वेड. मशीन घेऊन तो दर रविवारी या घरी यायचा आणि एकेक स्पूल संगणकावर उतरवायचा. नऊ उतरवून झाले होते. सगळे स्पूल माझ्या घरी नेऊ द्या, म्हणून त्यानं दोनदा गळ घातली होती.

त्याला ठाण्यात बोलावलं, लॅपटॉप जप्त केला. चार तास बसवून ठेवलं.

"सर, मी कशाला चोरू? अंकल स्वतःच देत होते ना मला! नेऊ द्या म्हटलं ते ओलीमुळे. त्या कपाटात टेपा खराब होत होत्या."

"शेवटच्या रविवारी काय झालं?"

तो खाली बघून म्हणाला, "काही नाही, सर. नॉर्मल."

इतक्या वर्षांच्या नोकरीत खोटं ओळखायला शिकलो होतो. हा काहीतरी लपवतोय, याची मला खात्री पटली. माझा आवाज चढला. नको ते शब्द वापरले. बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला ते ऐकू जात होते, हे मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी जवळच्या आनेकल गावातल्या एका खबऱ्याचा फोन आला. तिथल्या भंगारवाल्याकडे जुन्या टेपांची रिकामी चाकं आली होती. ओळख पटवायला इंजिनिअरला जीपमध्ये घेऊन गेलो. चाकं तीच होती. त्यांच्यावरची टेप कुठंय, विचारलं तर भंगारवाल्यानं मागच्या शेताकडे बोट दाखवलं.

रागीचं, म्हणजे नाचणीचं, पीक कापणीला आलं होतं. पाखरं बसू नयेत म्हणून काठ्या रोवून, या बांधापासून त्या बांधापर्यंत ती तपकिरी टेप ताणलेली होती. उन्हात चमकत होती. वारा आला की सगळ्या शेतातून घोंघावल्यासारखा आवाज उठत होता. कुठं पीळ पडलेले, कुठं तुकड्याला तुकडा गाठ मारून जोडलेला. त्या माणसाचं अख्खं तारुण्य तिथं पाखरं हाकत होतं.

इंजिनिअर बांधावर मटकन बसला. टेपचं एक टोक हातात धरून रडायला लागला.

"सर, काकूंना विचारा," तो म्हणाला. "मी त्यांना शब्द दिला होता. पण असं करतील असं वाटलं नव्हतं."

इमारतीच्या दारातल्या कॅमेऱ्याचं चित्रण आम्ही तीनदा पाहिलं होतं. त्यात निवेदकांच्या पत्नी रोज कापडी पिशवी घेऊन बाहेर पडताना दिसत होत्या. भाजीला चालल्या असतील, असं समजून आम्ही पुढं सरकलो होतो. रस्त्यावर भंगारची गाडी उभी असायची. रोज आठ-दहा स्पूल.

महिला शिपाई आणि इंजिनिअरला घेऊन त्यांच्या घरी गेलो. निवेदक आतल्या खोलीच्या दारात उभे राहिले. बाईंनी काहीही नाकारलं नाही.

"स्वल्प थांबा," कानडी वळणानं म्हणाल्या आणि तांदळाच्या डब्यातून एक स्पूल काढून माझ्यापुढं ठेवला. "हा एवढा ठेवलाय. लावायला सांगा याला."

त्याचं मशीन त्या रविवारपासून तिथंच होतं. इंजिनिअरनं स्पूल चढवून शेवटाकडे नेला. तरुण, रुबाबदार आवाजात इंग्रजीतून श्रोत्यांचा निरोप घेतलेला ऐकू आला. मग नुसती खरखर. आणि एकाएकी एका लहान मुलीचा आवाज आला.

"अप्पा, मी बोलू का आता?"

मागून एका बाईचं हसणं. टेप संपली.

"आमची मुलगी," बाई म्हणाल्या. "चार वर्षांची होऊन गेली. तापानं. तिची एकच टेप होती, अर्ध्या तासाची. गाणी म्हटली होती तिनं. ती मशीनमध्ये अडकून तुटली, असं ह्यांनी मला सांगितलं. पन्नास वर्षं मी तेच धरून चालले. त्या रविवारी हे घरात नसताना हा स्पूल लागला, तेव्हा कळलं; कोणाला सांगू नकोस, असं मीच याला म्हटलं."

मी निवेदकांकडे पाहिलं. ते चौकटीला धरून उभे होते.

"त्या दिवशी कोरा स्पूल नव्हता, म्हणून तिचाच नेला," ते म्हणाले. "ती तेव्हा चांगली होती. पुन्हा करू म्हटलं. दोन महिन्यांत ती गेली. मग कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

खुनाच्या जागी मी इतका हादरलेलो नव्हतो.

संध्याकाळी निवेदकांनी तक्रार नाही असं लिहून दिलं. सही करताना इंजिनिअरला म्हणाले, "माझे ते नऊ कार्यक्रमही पुसून टाक."

बाईंनी त्याला थांबवलं. "नको. एकदा पुसलं गेलं तेवढं पुरे."

अंतिम अहवाल कोर्टाला पाठवून मी प्रकरण बंद केलं. पावती करून इंजिनिअरला लॅपटॉप परत दिला आणि माफी मागितली. "सरी, सर," ठीक आहे, एवढंच कानडीत म्हणून तो निघून गेला. त्याचं लपवणं खरं होतं. मी त्याला चोरी समजलो, ही माझी चूक. दिलेला शब्द पाळणाऱ्याची मानही खाली जाते, हे मला तेव्हा कळलं.

आणि दुसरं म्हणजे, पहिल्या दिवशी त्या घरात मी कपाट मोजलं, कुलूप तपासलं, खिडक्यांचे गज हलवून पाहिले. शेजाऱ्यांचे, पहारेकऱ्याचे, कामवालीचे जबाब घेतले. त्या बाईंना मी एकही प्रश्न विचारला नव्हता. विचारला असता तर त्यांनी सांगितलं असतं, असं मला वाटतं. पिशवी घेऊन बाहेर पडत होत्या तेव्हापासून त्या कोणीतरी विचारायची वाट बघत असाव्यात.