आमच्या गावाकडच्या

इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये तेलाच्या विहिरी आहेत, हे इथल्याही बऱ्याच लोकांना माहीत नसतं. शुगरबीटच्या शेतांमध्ये एखादा पंप संथपणे वरखाली होत असतो, बस. तिथलं कच्चं तेल टँकरमध्ये भरून हंबर नदीच्या मुखाशी रिफायनरीत पोचवायचं, हे माझं काम.

नवरा डोळ्यांचा डॉक्टर. त्याच्या नोकरीमुळे आम्ही नागपूरहून आलो. माझ्या बी.कॉम.ला इथे कोणी विचारेना, तेव्हा मी लॉरीचं लायसन्स काढलं. आधी तो हसला. मी टँकरवर कायम झाले तसं हसणं थांबलं. लंडनजवळ स्टॅनमोरला त्याच्या चुलतभावाकडे जाताना गाडीतच बजावायचा, एनर्जी सेक्टरमध्ये आहे एवढंच सांग.

एका हिवाळ्यात साइटवर टँकर भरून झाला. होजपाइपमधलं प्रेशर सोडलंय, असं ऑपरेटर म्हणाला. सोडलेलं नव्हतं. मी जोड उघडला आणि तेल थेट तोंडावर आलं, सेफ्टी गॉगलच्या आत शिरलं. ऑपरेटर बिचारा पांढराफटक पडला. त्याने मला शॉवरखाली धरलं आणि मग स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलला नेलं. जवळचं हॉस्पिटल नवऱ्याचंच होतं.

नर्सने डोळे धुतले आणि डोळ्यांच्या डॉक्टरला बोलावलं. पावलं ऐकूनच मी ओळखलं. केसांत तेल, अंगावर हॉस्पिटलचा गाऊन, आणि तो समोर उभा. लग्नानंतर मी आडनाव बदललं नव्हतं, त्यामुळे नर्सला काही कळायचं कारण नव्हतं.

त्याने पापणी वर केली आणि हळूच मराठीत म्हणाला, "वर बघ. घरी बोलू."

नर्सला गंमत वाटली. एकमेकांना ओळखता का, असं तिने विचारलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. सगळं धूसर दिसत होतं.

"आमच्या गावाकडच्या आहेत," तो इंग्रजीत म्हणाला.

डोळे बचावले होते. घरी कोणाला कळवू, असं नर्सने जाताना विचारलं. कोणी नाही, मी म्हटलं. बाहेर थांबलेल्या ऑपरेटरनेच मला घरी सोडलं.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "सगळ्या डिपार्टमेंटला कळलं असतं. काय सांगायला हवं होतं मी?" त्याला खरंच कळत नव्हतं. माझं भांडायचं बळच गेलं.

आता मी डेपोजवळ खोली घेऊन राहते. कामासाठी तिकडे राहते, असं तो स्टॅनमोरला सांगतो म्हणे. सांगू दे.