रेवसहून दिघीला, कापसाच्या पॅडचं खोकं घेऊन

कापूस पिंजायचा लाकडी ढोल, त्याच्यावरच्या तारेच्या दात्यांसकट. सोड्यात कापूस उकळायची तांब्याची टाकी, आतून कल्हई केलेली. जाळीचं कापड सरळ रेषेत कापणारी सुरी, जी पायानं चालते. थर दाबायचा बिडाचा रूळ. आणि गेल्या वर्षी केलेली बंद पेटी, जिला पुढं काच आहे आणि हात आत घालायला दोन बाह्या. हे सगळं मी माझ्या हातानं केलं. कुठल्या कारखान्यात शिकलो नाही, कुठल्या साहेबानं दाखवलं नाही. शिवाय दवाखान्यात बाळंतिणींना आणि ऑपरेशनच्या रोग्यांना लागणारं पॅड, तेही माझंच. ते कसं बनतं हे दोन ओळींत सांगतो, कारण पुढचा प्रवास त्याच्याशिवाय कळणार नाही.

कच्चा कापूस पाणी पीत नाही, पाण्यावर तरंगतो. त्याच्यातलं मेण सोड्यात उकळून काढलं की मगच तो पितो. माझ्या पॅडला सगळ्यात वर जाळीचं कापड, त्याखाली सैल पिंजलेला कापूस, म्हणजे ओल पटकन खाली उतरते. मग पातळ कागदाचा थर, तो ओल आडवी पसरवतो. त्याखाली दाबून घट्ट केलेला कापूस, तो ती धरून ठेवतो. आणि तळाला कच्चा, न उकळलेला कापूस, कारण तो पीत नाही म्हणूनच खालची चादर कोरडी राहते. ही शेवटची युक्ती माझी. मधून एकही टाका घालायचा नाही. सुईनं पाडलेल्या भोकातून ओल थेट खाली जाते. टाका फक्त कडेला.

आता निघण्याचं कारण. माझी बायको यमुना दोन वर्षं तिच्या माहेरी, दिघीला आहे. भांडण नाही, तंटा नाही. आमची खोली एक, तीच कारखाना. पिंजताना उडणारं तूस तिच्या छातीत बसलं. रात्ररात्र ती भिंतीला टेकून बसायची. डॉक्टर म्हणाले, समुद्राच्या हवेला पाठवा, नाहीतर आम्हाला हात टेकावे लागतील. पाठवली. मग मी बंद पेटी केली. तिच्यात पिंजलं की तूस बाहेर येतच नाही, वारा जायच्या तोंडाशी ओलं गोणपाट बांधलंय. ती पेटी झाली आणि वाटलं, आता तिला घेऊन यायचं. दिवाळी आटोपल्यावर, समुद्र शांत झाल्यावर निघालो.

दिघीला जायला मुंबईहून थेट आगबोटही मिळते, पण ती मला सोसत नाही. आडवळणाची वाट ज्यांना आवडते त्यांनी माझ्यासारखं जावं. भाऊच्या धक्क्यावरून सकाळची रेवसची लाँच. बसताना डाव्या अंगाला बसा, उजव्या अंगाला पाणी उडतं. मी उशिरा पोचलो, उजवीकडेच जागा मिळाली. माझ्यापाशी पॅडचं मोठं खोकं, दिघीच्या सुईणीसाठी. शेजारी रेवसची एक कोळीण बसली, रिकाम्या पण ओल्या पाट्या घेऊन. तिनं पाटी माझ्या खोक्याला टेकवली. मी खोकं सरकवलं. तिनं परत टेकवली.

"येवढा काय जपतंस रं दादा? सोना हाय काय त्यात?"

कापूस आहे म्हटल्यावर तिनं एका हातानं खोकं उचलून पाहिलं आणि बाकीच्या बायकांना सांगितलं की ह्या माणसानं एवढ्या मोठ्या खोक्यात काहीच भरलेलं नाही. सगळी लाँच हसली. कशाला लागतो म्हणून तिनं विचारलं, तेव्हा चारचौघांत कसं सांगायचं म्हणून मी नुसतं दवाखान्यासाठी म्हणालो. तिला कळलं. मग मात्र तिनं स्वतःच पाटी पायाखाली घेतली, आणि आपल्या पहिल्या बाळंतपणात जुनी लुगडी कशी पुरली नव्हती ते रेवस येईपर्यंत सांगत राहिली.

रेवसच्या धक्क्यावरून एसटी मिळते. भरतीच्या वेळेवर लाँच येते आणि लाँचच्या वेळेवर एसटी, असं म्हणतात. प्रत्यक्षात दोघी एकमेकींची वाट पाहत नाहीत. किहीमचा फाटा आला की दोन्ही बाजूंनी माडांच्या बागा सुरू होतात आणि उन्हाचा रंगच बदलतो. थळच्या फाट्याला बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांड्या दिसतात. यमुना पहिल्यांदा मुंबईला आली ती ह्याच रस्त्यानं, माझ्या शेजारी बसून. तेव्हा थळला गाडी थांबली होती आणि तिनं मला विचारलं होतं, मुंबईत वारा कुठल्या बाजूनं येतो. मी म्हणालो होतो, सगळ्या बाजूंनी.

अलिबागला मुक्काम केला. स्टँडजवळच्या खानावळीत बारा आण्यांत पोटभर जेवण, तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण. कालवणाला कोकम जास्त झालं होतं. मी तसं सांगितलं, तेव्हा मालकानं उद्या तुम्हीच चुलीशी बसा म्हणून आमंत्रण दिलं. सकाळी पुन्हा एसटी, रेवदंड्यापर्यंत. तिथं खाडी आहे आणि पूल नाही. तरीच्या होडीत बसून पलीकडे जायचं, पुढची गाडी धरायची, मुरूडची. ओहोटी असेल तर चपला हातात घ्याव्या लागतात, चिखल घोट्याच्या वर येतो. खोकं मी डोक्यावर घेतलं. मुरूडहून आगरदांडा. ह्या शेवटच्या टप्प्यात मला काही दिसलंच नाही, खरं सांगतो. जंजिरा किल्ला डाव्या हाताला की उजव्या, हे मला कुणी विचारू नये.

आगरदांड्याला यमुनाचा भाऊ गणपत होडी घेऊन उभा होता. तो हीच होडी चालवतो, आगरदांडा ते दिघी. पाणी संथ असेल तर वल्ह्यांवर थोड्याच वेळात पलीकडे.

"भावोजी, मिशीला कापूस लागलाय," तो म्हणाला. मी हात फिरवला. काही नव्हतं. तो हसला.

यमुना अंगणात भात वारवत होती. सूप भरून, हात उंच करून, वाऱ्याकडे पाठ करून. दोन वर्षांपूर्वी जिना चढताना तीनदा थांबणारी बाई. मी कुंपणाशी उभा राहून नुसता पाहत राहिलो. तिनं सूप खाली ठेवलं आणि पाणी आणायला आत गेली.

संध्याकाळी ओटीवर मी तिला पेटीचं सगळं सांगितलं. काच कशी बसवली, बाह्या कशा शिवल्या, ओलं गोणपाट दिवसातून दोनदा बदलतो. ती लक्ष देऊन ऐकत होती. पिंजणकामातलं तिला कळतं, पहिले थर आम्ही दोघांनी मिळूनच घातले होते. सगळं ऐकून तिनं विचारलं, "पेटी उघडून साफ कोन करतं?"

"मीच."

तिनं हात लांब करून माझ्या सदऱ्याच्या कॉलरच्या आतून काहीतरी चिमटीत धरलं आणि उजेडाकडे केलं. तूस. दोन दिवसांचा प्रवास, तीन पाण्यांवरून वारा खात आलो, तरी ते तिथंच होतं. तिनं ते फुंकलं नाही, कंदिलाच्या काचेत वरून टाकलं, जळायला. मग उठून अंगणात गेली आणि खोकली. थोडंच खोकली. पण मी तो आवाज ओळखतो.

परत येऊन बसली तेव्हा म्हणाली, "अहो, हितं मला श्वास मोजावा लागत न्हाय. मी न्हाय येणार. तुमी या."

मी म्हणालो, येता येत नाही. तिला वाटलं, मुंबईचा माज. तसं नव्हतं. कापूस जितका चांगला उकळलेला, तितका तो हवेतली ओलही पितो. मुंबईतही ओल आहे, पण आमची खोली पत्र्याखाली दिवसभर तापते; दिघीला तीन बाजूंना पाणी. इथं केलेलं पॅड दवाखान्यात पोचायच्या आधीच अर्धं भरलेलं असणार. मी बोललो की खरं असतं, हे तिला ठाऊक आहे, पण गणपत मध्ये पडला. हवेला कुठं वजन असतं, म्हणाला. मग दाखवायचंच ठरवलं. खोक्यातले दोन सारखे गठ्ठे काढले. एक उघडा ओटीवर ठेवला. दुसरा सैल झाकणाच्या डब्यात घालायला यमुनाला दिला.

सकाळी दोन्ही घेऊन वाण्याच्या दुकानात गेलो, तागडीत ठेवले. ओटीवरच्या गठ्ठ्याचं पारडं खाली गेलं, खाली गेलं आणि टेकलं. दुकानात चारपाच माणसं होती.

"आता हवा पण तोलून विकणार काय, भावोजी?" गणपत म्हणाला.

मी जिंकलो होतो. असा जिंकल्यावर माणसाला कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. यमुना पारड्याकडे पाहत होती. मला तिच्याकडे पाहवत नव्हतं म्हणून डब्यातला गठ्ठा उचलला, नुसता दाबायला. दाबला आणि सोडला तर तो उसळून वर आला, मुंबईत उन्हाळ्यात येतो त्याहून जोरात. वाण्याची वजनं मागून घेतली, मुंबईत बांधताना केलेलं वजन मला पाठ आहे. हा गठ्ठा त्याहून हलका भरला. म्हणजे आणताना होती तेवढी ओलही त्यानं सोडली होती.

"डबा कुठं ठेवलास?"

"चुलीवर."

दिघीकडच्या घरांत चुलीच्या वर बांबूची मांडणी टांगलेली असते. पावसाळ्याचं बियाणं, सुकी मासळी, आगपेट्या, सगळं तिच्यावर. मी लग्न झाल्यापासून सासुरवाडीला येऊन ती पाहत आलो आणि धुरानं काळी झालेली फळी एवढंच म्हणत आलो. मग इथंच कामाला एक खोली बांधायची, तिच्यात धूर नको, ऊब हवी. विटांची जमीन, तिच्याखालून पत्र्याची नळी, एका टोकाला भाताच्या तुसाची शेगडी, दुसऱ्या टोकाला धुराडं. खोलीत धूर येणार नाही आणि ओल राहणार नाही. तिथंच पॅड बांधायचं, तिथंच डब्यात भरून झाकणाला मेण लावायचं. घरी परतेस्तोवर माझ्या डोक्यात नळीचं वळणसुद्धा ठरलं होतं.

यमुनानं ऐकून घेतलं आणि आपली अट सांगितली. खोली वाडीच्या पार खालच्या टोकाला, वारा घराकडून तिकडे जातो त्या बाजूला. काम झाल्यावर विहिरीवर डोक्यावरून आंघोळ, कपडे तिथंच बदलायचे, मग घर. "थंडीत पन," ती म्हणाली.

अडचणी आहेत. पावसाळ्यात चार महिने लाँच बंद, म्हणजे वर्षाचा माल आठ महिन्यांत करून पोचवायचा. ज्या दवाखान्यांना मी आज मागतील तेव्हा माल देतो ते इतकं थांबतील की नाही, ठाऊक नाही. ढोल खाडीतून होडीनं न्यायचा, तो गणपत पाण्यात न पाडता नेईल की नाही, तेही ठाऊक नाही. निघताना यमुना आगरदांड्यापर्यंत होडीत आली. बोललो ते विटांबद्दल.

मुंबईला परत आलो. ज्यांना हा प्रवास करायचा असेल त्यांनी जाता-येता मिळून दोन मुक्काम धरून चालावं, बरोबर जास्त ओझं घेऊ नये, आणि परतीच्या लाँचला संध्याकाळी वारा फार असतो. खोलीत शिरलो तर सगळं होतं तसंच. खिडकीच्या गजांवर तुसाची पांढरी साय. पूर्वी ती मला कामाची खूण वाटायची. आता ओल्या फडक्यानं पुसून घेतो, रोज, आणि फडकं झटकत नाही. कधीकधी अंगणात उंच केलेलं ते सूप डोळ्यांपुढे येतं आणि हातातला थर वाकडा बसतो, उचलून परत घालावा लागतो.

त्याच आठवड्यात कापडबाजारातले एक शेठ जिना चढून आले. पेटीच्या काचेतून बराच वेळ पाहिलं, बाह्यांत हात घालून पाहिले, पॅडवर चहा ओतून पाहिला आणि उलटं करून तळ चाचपला. मग जाजमावर बसून त्यांनी बोली केली. ढोल, टाकी, रूळ, पेटी, पाच थरांची रीत, आणि सोबत मी, पाच वर्षं मुंबईबाहेर न जाण्याच्या करारावर. सगळं मिळून अकरा हजार रुपये, निम्मे तिथंच रोख. मी नाही म्हटलं.