एका बादलीतले मासे

माझ्या वहीतली जुनी नोंद: रविवार, बारा नोव्हेंबर. हजर: मी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, आमच्या प्रयोगशाळेतले सहायक, आणि नदीवर जाळं टाकणारे भोई काका-काकू. काल माळ्यावरून निळी बादली काढली, तिचा शेवाळी वास आला आणि ती सकाळ जशीच्या तशी आठवली. गावाजवळची नदीची उथळ, खळाळती धार रेतीसाठी खणायचं घाटत होतं. धारेतले मासे डोहाच्या संथ पाण्यात जगत नाहीत, हे काकांना तहसीलच्या अर्जात दाखवायचं होतं, म्हणून त्यांना माझ्याकडून माशांची यादी हवी होती. आम्ही डोहात आणि धारेत जाळी टाकली, बादली भरली, मी भराभर नावं लिहिली. काकूंनी आत डोकावून कपाळावर हात मारला. "अवं बाई, डोहातली मरळ अन् धारेतली दगडाले चिकटणारी मासळी एकाच बादलीत काहून टाकली? कोण कुठली, हे साहेबाले कसं समजन?" सहायक पुटपुटले, "अक्षर तं सुंदर आलं, मॅडम." काका हसले. मी पान फाडलं, मासे पाण्यात सोडले, नव्या पानावर दोन रकाने आखले आणि काकूंचं घमेलं दुसरी बादली म्हणून मागून घेतलं. पुन्हा काठावरच्या पहिल्या दगडापासून सुरुवात केली. ऊन उतरेपर्यंत अलीकडचा काठ पूर्ण झाला. त्या यादीच्या जोरावर तेव्हा खणणं थांबलं. यंदा पलीकडच्या काठाच्या रेतीचा लिलाव निघाला आहे, आणि माझ्या वहीत त्या काठाचे दोन्ही रकाने अजून कोरे आहेत.