पोपटी, खारबांध आणि प्रधानकाकांची थंडी

प्रधानकाकांना मी माहेरी नेलं ही माझी चूक. आधीच कबूल करते, म्हणजे वाचून झाल्यावर कोणी मला ते सुनवायला नको. मी चौथीपर्यंत शिकलेली. मी बोलते, मुलगी टाइप करते. ती मधेच थांबून "आई, असं लिहीत नाहीत" म्हणते. तिला म्हटलं, तू बोटं चालव.

त्या फेब्रुवारीत भाईंदरला अशी थंडी पडली की स्टेशनच्या पूर्वेला आमच्याकडे लोक दुपारीसुद्धा कानाला रुमाल बांधून फिरत होते. भाजीवाला खोकी जाळून हात शेकायचा आणि गिऱ्हाईक बाजूला उभं. आमच्या बिल्डिंगखाली बाक आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावरचे प्रधानकाका माकडटोपी घालून पेपर वाचत बसायचे. नोकरीतून रिटायर झालेले, मुलगा परदेशात, बोलायला विषय लागतोच. मी दूध घेऊन आले की रोज एकच.

"काय सुमनताई, कुठे गेलं ते ग्लोबल वॉर्मिंग?"

जसं काही मीच ते कपाटात घालून कुलूप लावलंय.

अशात माझ्या भावाचा, दामूचा फोन आला. आमचं माहेर पेणच्या पुढे, खाडीच्या काठावर. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांब बांध आहे. पलीकडे खारं पाणी, अलीकडे आमचा भात. त्या बांधाला खांड पडली होती, म्हणजे भगदाड. दामू म्हणाला, सोमवारी अमावस्या, मोठं उधाण येणार, त्याआधी बुजवायला पाहिजे. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं दाणा पिकत नाही. खांडीला लागून पहिलं शेत यमुनाकाकीचं, मग आमचं. काकी विधवा, मूलबाळ नाही, तिला तेवढं एकच शेत.

आमच्याकडे बांधाचं काम घरटी एक माणूस असं चालतं. ज्याचं शेत लांब आहे त्यानेही यायचं. दामूची कंबर धरलेली, म्हणून आमच्या घरचा माणूस मी. हे बाकावर बोलले आणि वर तोंडातून गेलं की शनिवारी पोपटी पण लावणार आहेत. झालं. प्रधानकाकू म्हणाल्या, "अगंबाई, आम्हाला पण ने ना!"

शनिवारी सकाळी निघालो. कोणाला जायचं असेल तर सांगते. भाईंदरहून ठाण्याची बस घोडबंदरवरून जाते, खिडकी बंद होत नाही, शाल हाताशी ठेवा. ठाण्याहून पेणची एसटी. पनवेलच्या पुढे रस्त्याला इतके खड्डे की काकूंची कवळी हातात आली. पेणला उतरून मिसळ खाल्ली, तीन प्लेट आणि चहा मिळून शंभराच्या आत. पुढे सहा आसनी रिक्षा, तिच्यात अकरा माणसं बसतात. पापड, पोह्याचे पापड, मिरगुंडं येताना घ्या, जाताना घेतलीत तर चुरा होतो.

एसटीत पण हाच विषय. मागच्या सीटवरचा एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "टीव्हीवाले सांगतात पृथ्वी तापते. मग माझ्या पोराला न्युमोनिया कसा झाला?" काका लगेच मान वळवून सामील. "अहो, सगळं थोतांड! फंड काढायचे धंदे! माझा मुलगा तिकडे दारातला बर्फ उपसतोय." कंडक्टर म्हणाला, "आजोबा, बर्फ नंतर उपसा, आधी तिकीट." सगळी गाडी हसली. मी पण हसले. तेव्हा गंमतच वाटली.

संध्याकाळी अंगणात पोपटी लावली. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी: मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, मीठ-मसाला लावलेली कोंबडी, वर परत पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. मडकं काढल्यावर जो वास सुटतो तो भाईंदरच्या कुठल्या हॉटेलात येत नाही. यमुनाकाकीने तिच्या शेतातल्या लाल तांदळाच्या भाकऱ्या आणल्या होत्या. प्रधानकाकांनी चार खाल्ल्या. "अशी भाकरी आयुष्यात खाल्ली नाही हो," असं दोनदा म्हणाले.

शेकोटीला गावातली बरीच माणसं जमली. दामू म्हणाला, "उद्या पहाटची सुकती हाय. पानी उतरला का चिखल काराया लागू. घरटी एक मानूस."

कोणी लगेच हो म्हणेना. कारण उघड होतं. सहा वाजताच्या गारठ्यात मांडीभर चिखलात उतरायचं. बाळाराम म्हणून एक आहे, त्याचं शेत बांधापासून लांब. तो म्हणाला, "थंडी बग कती हाय! पुढल्या उधानाला करू."

"पुढल्या उधाणापर्यंत खांड थांबंल?" मी म्हटलं. "आणि पाणी दरवर्षी वर चढतंय. बाबांनी पाणी सोडायच्या उघाडीच्या दगडावर भरतीची खूण केलेली, ती बुडते आता."

एवढ्यावर काकांनी घसा साफ केला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

"ते समुद्र वाढतो वगैरे सगळं खोटं आहे," ते म्हणाले. "बर्फ वितळणार, मग पाणी वाढणार. पण थंडी तर बघा! वितळेल कुठून? उलट पाणी कमी होईल. मी रोज दोन पेपर वाचतो."

बाळाराम उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला. "बोला साहेब, बोला." साहेब बोलले. पाऊण तास. कोंबडीची तंगडी हातात घेऊन बोलले. यमुनाकाकी भाकऱ्यांची टोपली मांडीवर धरून ऐकत होती.

रविवारी पहाटे बांधावर माणसं आली सहा. मोजून सहा, त्यात मी आणि पासष्टीची यमुनाकाकी. चाळीस यायला हवी होती. दामू कंबर धरून हाका मारत फिरला तर बाळाराम गोधडीतून ओरडला, "अरं तुजा पावनाच सांगतो, पानी कमी व्हनार!"

मला असा राग आला ना. थंडी? चिखलात पाय घातला की हाडापर्यंत झिणझिण्या. खालून चिखलाची ढेकळं कापायची, हातोहात वर द्यायची, रचायची, पायाने दाबायची. काकी गुडघ्यावर बसून दाबत होती, कारण उभं राहिलं की तिचा तोल जायचा. आठच्या सुमाराला प्रधानकाका कॅमेरा घेऊन बांधावर आले. माकडटोपी, मफलर, बूट.

"वा, काय सीन आहे! सुमनताई, इकडे बघा."

मी बघितलं. आणि हातातलं ढेकूळ त्यांच्या बुटांवर आपटलं.

"फोटो काढताय? चाळीस माणसं यायची होती. तुमच्या पेपरामुळे गोधडीत झोपलीत!"

"अहो, मी आपलं जनरल बोललो..."

"जनरल? ही बाई बघा. हिचीच भाकरी खाल्लीत ना काल? चार? ती ह्या शेतातली. उद्या पाणी आत आलं तर ही काय जनरल खाईल?"

काकांनी कॅमेरा खाली घेतला. काकी खालून म्हणाली, "असू दे गं सुमन. पावने हायेत." पाहुणे! माझा पारा अजून चढला.

दुपारच्या भरतीला रचलेलं जेमतेम टिकलं, पण खांड अर्धी उघडीच होती. पाणी काकीच्या शेताच्या कडेला येऊन परत गेलं. जेवण झाल्यावर मी काकांना उठवलं. म्हटलं, चला. कुठे? घरोघर. जे बोललात ते परत घ्यायचं.

माणूस संकोचाने अर्धा झाला होता, पण आला. पहिल्या घरात "तसं दोन्ही बाजूंनी मतं आहेत" असं सुरू केलं. मी कोपर मारलं. दुसऱ्या घरात जरा सुधारले. बाळारामच्या ओटीवर मात्र टोपी काढून सरळ म्हणाले, "मी आयुष्यभर ऑफिसात फायली बघितल्या. समुद्राचं मला काही कळत नाही. मी उगाच बोललो."

बाळाराम हसला. "आमाला ठाव हाय साहेब. आमालाच झोप पायजे व्हती."

हे ऐकून मला काकांपेक्षा त्याचा जास्त संताप आला. म्हणजे खरं काय, खोटं काय ते आपलं आपण ठरवायचं, गोधडीच्या मापाने.

सोमवारी तीसेक माणसं आली. काका पण आले, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, ढेकळं देत राहिले. काम भराभर चाललं. पण एक दिवस गेला होता तो गेलाच होता. शेवटची दोन हात जागा राहिली असताना उधाण आलं. ओला चिखल, बसायला वेळच मिळाला नाही. खांडीची एक बाजू साखरेसारखी विरघळली आणि पाणी काकीच्या शेतात शिरलं. आमच्या शेताच्या बांधावर माणसं धावली, आमचं वाचलं. काकीचं गेलं. ती पाण्याकडे बघत हात धूत होती, त्याच खाऱ्या पाण्याने.

निघताना तिने मला पिशवीत लाल तांदूळ दिले. नको म्हटलं तर रागावली.

परतीच्या एसटीत कोणी थंडीवर बोललं नाही. घरी येऊन आठ दिवसांत उकडायला लागलं, पंखे सुरू झाले, बाकावर विषय बदलले. मला विचाराल तर पृथ्वी तापते की नाही ते मला सांगता येणार नाही. पाणी चढतं ते तापल्याने की खाडीत फिरणाऱ्या मालाच्या बार्जने, तेही शिकलेल्यांनी बघावं. बाबांची खूण बुडते एवढं मी डोळ्याने बघितलंय, आणि एका आठवड्याच्या गारठ्याने ती वर येत नाही.

तुम्ही जाणार असाल तर थंडीतच जा, पोपटी तेव्हाच. सोबत जुने कपडे न्या. बांधावर शहरातले हातही चालतात. तोंड मात्र भाकरीपुरतं उघडा.

परवा प्रधानकाका जिन्यात भेटले. इकडेतिकडे बघत म्हणाले, "सुमनताई, ते लाल तांदूळ... हिला फार आवडले होते. पुढच्या वर्षी गेलात तर थोडे आणाल?"

"तीन वर्षं नाहीत," मी म्हटलं.

 काका कठडा धरून तसेच उभे राहिले, मी वर पोचेपर्यंत.