कुमुदताईंची एका पानाची पत्रं

कुमुदताई हर्डीकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या लायब्ररीत, एका शनिवारी सकाळी. माझ्या घरमालकीण सुमनकाकू नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करत होत्या. हायवेवर ड्राइव्ह करायची त्यांना धास्ती वाटे, म्हणून मी त्यांना क्लासला सोडायला गेलो होतो. आत दहा-बारा ज्येष्ठ मंडळी वह्या उघडून बसली होती आणि पांढऱ्या केसांच्या, स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या एक बाई फळ्याजवळ उभ्या होत्या. वर्गातल्या एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, "ताई, पण राष्ट्राध्यक्ष मोठे की न्यायाधीश?"

"काका, हा प्रश्न परीक्षेत येत नाही," ताई म्हणाल्या. "न्यायाधीशांकडे स्वतःची फौज नाही. राष्ट्राध्यक्षांकडे आहे, पण ते कायदेशीर वागले की नाही हे त्यांनी स्वतःच ठरवायचं नाही. कोर्टाची ऑर्डर निघाली की ती पाळायची, एवढ्यावर सगळं चाललंय."

"आणि नाही पाळली तर?"

"तर वकिलांना पुन्हा कोर्टात जावं लागतं. चला, पुढचा प्रश्न."

मी तेव्हा बॅटऱ्यांवर पीएच.डी. करत होतो. कायद्याशी माझा संबंध पार्किंगच्या दंडापुरता होता. तो क्लास मी मागच्या खुर्चीवर बसून पूर्ण ऐकला आणि घरी जाऊन विसरलो.

सगळं गाव त्यांना कुमुदताई म्हणतं. मी मावशी म्हणतो. त्या मूळच्या सांगलीच्या, वकिलीही तिथेच सुरू केलेली. आणीबाणीत त्यांच्या सिनियर वकिलांना घरातून उचलून नेलं आणि ताई त्यांच्या सुटकेचा अर्ज घेऊन कोर्टाचे खेटे घालत राहिल्या. अर्जाचं काहीच झालं नाही. सिनियर सुटले ते आणीबाणी संपल्यावरच. हे त्यांच्याकडून मी एकदाच ऐकलं, तेही गाडीत, सिग्नलला थांबलो असताना. पुढे लग्न होऊन त्या मिशिगनला आल्या. अरविंदकाका मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. ताईंची इथे पदवी चालेना, तेव्हा त्यांनी एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग केलं आणि चाळिशीनंतर, मुलगी हायस्कूलला असताना, पुन्हा लॉ स्कूलला गेल्या. तेव्हापासून इमिग्रेशनचे खटले.

माझ्यावर वेळ आली ती अशी. सरकारने संशोधनाचा निधी एका फटक्यात थांबवला, तेव्हा कॅम्पसवर विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली. मी त्यांत होतो. पोलिसांनी हिरवळ रिकामी केली, आम्हा काही जणांवर किरकोळ गुन्हा नोंदवला आणि तो स्थानिक न्यायाधीशांनी महिन्याभरात काढून टाकला. विषय संपला असं मी धरून चाललो. पुढच्या सेमिस्टरला युनिव्हर्सिटीची ईमेल आली: परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली तुमची नोंद रद्द झाली आहे, कारण आम्हालाही कळवलेलं नाही. लॅबमध्ये पाऊल ठेवायला बंदी. दोन वकिलांना फोन केला. दोघांनीही निमूट देश सोडण्याचा सल्ला दिला. अकोल्याला आईबाबांना काय सांगायचं तेच मला कळेना. सुमनकाकूंनी मला गाडीत घातलं आणि हायवेवरून स्वतः ड्राइव्ह करत ताईंच्या दारात नेलं.

ताईंनी ईमेल दोनदा वाचली. "अमेय, आता मला सगळं सांग. मला बरं वाटेल तेवढंच नको."

मी सांगितलं, पण एक गोष्ट गाळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन कबूल केली: पोलिसांनी उठायला सांगितल्यावर मी उठलो नव्हतो. मुद्दाम बसून राहिलो होतो.

त्या रागावल्या नाहीत. ते वाक्य त्यांनी माझ्या प्रतिज्ञापत्रात जसंच्या तसं घातलं. मी घाबरून म्हणालो, "मावशी, हे त्यांच्या हातात कोलीत दिल्यासारखं होईल."

"त्यांना सापडण्याआधी आपण सांगितलं की त्याचं कोलीत होत नाही."

ताईंनी माझ्या वतीने सरकारवर खटला भरला आणि फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टात सुनावणी झाली. न्यायाधीशांनी सरकारी वकिलाला विचारलं की नोंद कोणत्या नियमाखाली रद्द केली. तो जेमतेम तिशीचा होता. कागद चाळून तो म्हणाला, "माहीत नाही, युअर ऑनर. मला सांगण्यात आलेलं नाही." न्यायाधीशांनी तिथल्या तिथे तात्पुरता आदेश दिला: नोंद पूर्ववत करा. बाहेर आल्यावर ताई आधी त्या वकिलाकडे गेल्या आणि त्याच्याशी हस्तांदोलन केलं. मला ते आवडलं नाही, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. पार्किंगमध्ये त्या म्हणाल्या, "त्याला एखादा नियम ठोकून देता आला असता. त्याने दिला नाही. अशी माणसं तिकडच्या बाकावर टिकली पाहिजेत रे, नाहीतर आपण कुणाशी भांडायचं?"

आदेश झाला, पण नोंद हलली नाही. एक दिवस गेला, दोन गेले. ताई रोज सकाळी ती यादी बघत आणि कोर्टाला एका पानाचं पत्र दाखल करत. मजकूर जवळपास तोच: आज सकाळी पाहिलं, आदेशाचं पालन झालेलं नाही. खाली सही. माझा तोल सुटत होता. मी म्हणालो, त्यात जरा कडक शब्द घाला ना. त्या म्हणाल्या, "कडक शब्द न्यायाधीशांना वापरू दे. त्यांच्या शब्दाला वजन आहे." दुसऱ्या आठवड्यात न्यायाधीशांनी ते वापरले. संबंधित अधिकाऱ्याने स्वतः हजर राहून, आदेश का पाळला नाही ते शपथेवर सांगावं, असं फर्मावलं. हजेरीच्या आदल्या दिवशी दुपारी माझी नोंद परत आली. त्या दिवशी अरविंदकाकांनी साबुदाण्याची खिचडी केली होती. दोन घास खाल्ले आणि मला रडू फुटलं. काकांनी दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

या सगळ्यात आपलं इथलं मराठी मंडळ कुठे होतं, तेही लिहायला हवं. तेव्हाचे अध्यक्ष ताईंना भेटून म्हणाले होते, "ताई, आपल्यातल्या निम्म्या लोकांचे व्हिसा अडकलेत. मंडळाचं नाव यात नको." ताईंनी त्याच दिवशी मंडळाच्या विश्वस्तपदाचा राजीनामा लिहून दिला, तोवर मंडळातर्फे चालणारा शनिवारचा क्लास स्वतःच्या नावावर घेतला आणि गणपतीत नेहमीसारख्या मोदक वळायला आल्या. "ते घाबरले होते, आणि घाबरायला कारण होतं," एवढंच त्या मला म्हणाल्या. तेच अध्यक्ष आज ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाचे संपादक आहेत. हा परिच्छेद मी त्यांना आधी दाखवला. वाचून ते म्हणाले, "राहू दे. तसंच झालं होतं."

ताई एका पक्षाच्या आहेत असा काहींचा समज आहे. त्या मत कुणाला देतात ते त्या लपवत नाहीत. पण त्यांच्याच पक्षाचं सरकार असताना एका आईला मुलांपासून दूर, दुसऱ्या राज्यातल्या कोठडीत ठेवलं होतं, तेव्हा त्याच सरकारवर खटला भरला तो ताईंनी. निवडणुकीचं वर्ष होतं. प्रचारात बरोबर फिरलेल्या मैत्रिणी त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. तो खटला ताई हरल्या. त्या बाईंच्या मुलांना त्या अजूनही वाढदिवसाला फोन करतात.

माझी नोंद परत आल्यावर सरकारने कोर्टाला सांगितलं, आता प्रश्नच उरला नाही, खटला बंद करा. ताईंनी मला घरी बोलावलं. म्हणाल्या, "तुझं काम झालंय. इथे थांबलास तर तुला कुणी नावं ठेवणार नाही, मीही नाही. पण थांबलो तर कारण न देता नोंद काढता येते की नाही, हे कोणी ठरवणारच नाही. उद्या दुसऱ्या कुणाची तरी काढतील. पुढे गेलास तर तुझं नाव त्यांच्यासमोर राहील. घाई करू नकोस."

मी चार दिवस घेतले. बाबांशी बोललो. ते महावितरणमधून निवृत्त झालेत, अमेरिकेच्या कायद्यातलं त्यांना काही कळत नाही. त्यांनी एकच विचारलं, "त्या बाई तुझ्याबरोबर उभ्या राहणार आहेत का?" मी हो म्हणालो. "मग मला काय विचारतोस?"

खालच्या कोर्टाने आमच्या बाजूने निकाल दिला, सरकार अपिलात गेलं. मी दरम्यान पीएच.डी. पूर्ण केली आणि आता इथेच नोकरी करतो. या लेखासाठी ताईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "आपण जिंकलो असं लिहू नकोस. अपील चालू आहे असं लिही." तर, अपील चालू आहे. सुनावणी त्यांच्या पंचाहत्तरीनंतरच्या महिन्यात आहे आणि युक्तिवाद त्या स्वतः करणार आहेत.

म्हणून माझी प्रार्थना साधी आहे, आणि थोडी स्वार्थीही. कुमुदताईंचे गुडघे त्यांना तासभर उभं राहू देवोत, बारीक टाइप त्यांना चष्म्यातून नीट दिसो, अरविंदकाका त्यांच्यासोबत असोत. आणि पुढची पुष्कळ वर्षं, दारावरची बेल वाजली की त्यांनीच येऊन दार उघडावं.