हात उंबऱ्याबाहेर होता

"ह्याच्या हातात घोटा सापडला की संपलं! आजवर कोण सुटलाय काय? नाय ना? खोटं वाटत असेल तर विचारा आमच्या वहिनींना!"

मंडळाचे अध्यक्ष माईकवरून असं बोलले आणि अख्खं ग्राउंड हसलं.

वहिनी म्हणजे मी. स्टेजवर उभी. हातात ओवाळायचं ताट. डाव्या घोट्याला, साडीच्या निऱ्यांखाली, क्रेपची पट्टी. हनुवटीवर पाच टाक्यांचा व्रण आणि त्यावर पावडरचा थर. ती पावडर अध्यक्षांच्या बायकोने गाडीतच लावली होती. माझी हनुवटी दोन बोटांनी वर धरून म्हणाल्या, "जरा वर बघ गो. फोटोत दिसायला नको."

लोक हसले. पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणे हसले. माझ्यासमोर पाटावर बसलेला माझा नवरा मान खाली घालून हसला. आणि मीपण हसले.

मला कुणी हस म्हणून सांगितलं नव्हतं. तोंड आपोआप पसरलं. हनुवटीची कातडी ताणली गेली, टाक्यांची जागा दुखली, तरी मी हसत राहिले. मग त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, तीनदा ओवाळलं. कॅमेरावाला म्हणाला, "वहिनी, परत एकदा, इकडे बघून." मी परत एकदा ओवाळलं.

माझा नवरा कबड्डी खेळतो. साधंसुधं नाही, टीव्हीवर दिसतं त्या लीगमध्ये. डावा कोपरा सांभाळतो. समोरचा चढाई करत आत आला की हा खाली वाकून त्याचा घोटा असा काही धरतो की भलाभला आडवा होतो. रोह्याच्या बाजूला लहान लहान पोरंही त्याची नक्कल करतात. मला हे सगळं कळतं, कारण माझा बाप पंच. पेणच्या खाडीकडचं आमचं गाव, बाप आयुष्यभर मिठागरात राबला. मिठाच्या पाण्याने पाय फाटलेले, पण सामन्याच्या दिवशी धुतलेली पांढरी पँट आणि गळ्यात शिट्टी. एकदा त्याने स्वतःच्या सख्ख्या भावाला बाद दिलं होतं. काका वर्षभर बोलला नाही. बापाला त्याचं काहीच वाटलं नाही. "बाद व्हता, बाद दिला," एवढंच म्हणायचा.

एवढा मोठा खेळाडू जावई मिळाला म्हणून बापाला केवढा आनंद! मलाही झाला होता, खोटं कशाला बोलू.

सासर रोह्याजवळ. भातशेती, स्लॅबचं घर, दारात गाडी. आमच्याकडे काय, मीठ. भाजीत मीठ जरा जास्त झालं की सासू सगळ्यांसमोर म्हणायची, "बापाघरचं आणलंस काय गो?" सगळे हसायचे. पहिल्या वेळी मीही हसले होते. बघा, ही सवय तेव्हापासूनची.

मग मारहाण सुरू झाली. सामना हरून आला की मारायचा. मला वाटायचं, हरल्याचा राग आहे. मग जिंकून आल्यावरही मारलं. तेव्हा कळलं की ह्यात खेळाचा काही संबंध नाही. शेजारची बाई विचारायची, "डोळा सुजलाय गो, काय झालं?" मी सांगायची, "कपाटाचं दार लागलं." किती कपाटं होती आमच्या घरात, देव जाणे.

त्या दिवशी बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं पेणला. मला जायचं होतं. नवऱ्याचा लीगचा कॅम्प जवळ आलेला, तो घरीच. म्हणाला, "माझ्या जेवणाचं कोण बघणार? नाय जायचं."  मी सकाळचं आवरलं, पिशवी भरली. तो पुढच्या खोलीत चटईवर बसून पाय ताणायचा व्यायाम करत होता. दार उघडं होतं, बाहेर लख्ख ऊन. मी त्याच्या बाजूने निघाले.

त्याने बसल्या जागेवरून हात टाकला आणि माझा डावा घोटा धरला.

मी सरळ तोंडावर पडले. अर्धी आत, अर्धी बाहेर. हनुवटी बाहेरच्या पायरीवर आपटली. उजवा हात अंगणापर्यंत गेला होता, बोटांना माती लागली होती. त्याने घोटा सोडला नाही. दोन्ही हातांनी धरून पिरगळत होता आणि हसत होता. रागाने नाही हो, मजेत हसत होता. म्हणाला, "सुट बघू."

मी म्हणत होते, "सोड, सोड, सोड, सोड, सोड." मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. मग पायातून सुकी काटकी मोडल्याचा आवाज आला. तेव्हा त्याने सोडलं.

डॉक्टरांनी विचारलं, कशी पडलात. ह्यावेळी मी कपाट सांगितलं नाही. खरं सांगितलं. तक्रार दिली. पायाला प्लास्टर घेऊन बापाच्या घरी आले. बातमी झाली, तेव्हा लीगच्या टीमने त्याला थांबवलं. केसचं काय ते होऊ दे, मग बघू, म्हणाले.

आणि मग काय, सगळं गाव माझ्या मागे लागलं. त्याने मला मारलं ह्यात कुणालाच शंका नव्हती, बरं का. कुणी मला खोटारडी म्हटलं नाही. उलट जवळ बसून, समजुतीने सांगायचे. खेळाडूचं वय किती असतं? दोन-चार वर्षं. घरचं भांडण घरात. त्याच्या पोटावर पाय देऊ नको. तालुक्याचं नाव आहे. आम्हीपण मारतो रागाच्या भरात, म्हणून काय कुणी आमची नोकरी काढून घेतं?

हे शेवटचं बोलणारा माणूस माझ्या बापाच्या ओट्यावर बसून माझ्याच हातचा चहा पीत होता.

प्लास्टर निघाल्यावर रोह्याकडच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष आले. गोड बोलणारा माणूस. म्हणाले, "सूनबाई, वार्षिक सामने हायत. तो सगळ्यांसमोर, माईकवर तुझी माफी मागणार हाय. शब्द हाय माझा. तू फक्त ये आन् ओवाळ. बाकी काय नको."

माफी मागणार म्हटल्यावर मी पाघळले. मला वाटलं, एवढ्या लोकांसमोर तो बोलला तर निदान खरं काय ते बाहेर येईल. ओवाळायचं काय, आमच्यात कुणीही कुणाला ओवाळतं. नवीन गाडीला ओवाळतात, बैलाला ओवाळतात. एक ताट फिरवायचं, त्याने काय होतंय? ही माझी चूक. हीच.

ओवाळून झालं. त्याच्या हातात माईक दिला. मी ताट धरून वाट बघत होते. त्याने मंडळाचे आभार मानले. आईचे मानले. ह्या मातीचे मानले. मग वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला. टाळ्या वाजल्या. माझं नावसुद्धा नाही. मी अध्यक्षांकडे बघितलं, तर ते पाहुण्यांना नारळ देत होते.

आठ दिवसांत रोह्याच्या स्टँडसमोर फ्लेक्स लागला. माझ्या हातात ताट, चेहऱ्यावर पावडर आणि हसू. तोच फोटो टीमला पाठवला होता. घरात सगळं ठीक आहे, बायकोने स्वतः ओवाळलं. आता केस तेवढी मागे घेतली की तो परत खेळायला मोकळा.

कळल्यावर मी मुद्दाम जाऊन त्या फ्लेक्ससमोर उभी राहिले. एसटी आली, गेली. कंपनीच्या शिफ्टच्या बायका उतरल्या, त्यातली एक फ्लेक्सकडे बघून मैत्रिणीला म्हणाली, "बघ, मिटलं त्यांचं. बरं झालं बाय." मी तिच्यापासून चार हातांवर होते. तिने मला ओळखलं नाही. मीसुद्धा त्या फोटोतल्या बाईला ओळखत नव्हते.

सासरी गेले नाही, बापाच्या घरीही राहिले नाही. पेणला रामवाडीत खोली घेतली. पापडाच्या कारखान्यात कामाला लागले. पाय दुमडून बसलं की घोटा ठणकतो. ते सहन होतं. सहन होत नाही ते वेगळंच. संध्याकाळी खोलीमागच्या मोकळ्या जागेत मुलं कबड्डी खेळतात. कुणीतरी ओरडतं, "पकड रे!" आणि माझा डावा पाय झटक्यात वर येतो. लाटणं हातात असलं तर हातातून पडतं. मला झोपताना पाय लांब करता येत नाहीत. पोटाशी घेऊन झोपते, पांघरूण दोन्ही पावलांखाली घट्ट खोचून. तरी कधीतरी पहाटे वाटतं, पायथ्याशी कुणीतरी बसलंय. हसतंय. सुट बघू.

कारखान्यातल्या बायका विचारतात, "मग त्याने काय कधीच खेळू नये?" मी खूप विचार केला ह्यावर. तो उपाशी मरावा असं मला वाटत नाही. त्याने काम करावं, टेम्पो चालवावा, कंपनीत शिफ्ट करावी, दोन वेळचं पोटभर खावं. पण ते ग्राउंड म्हणजे नुसतं पोट नाही. तिथे लोक त्याच्या त्या हातांना टाळ्या वाजवतात. मुलं ते हात बघून शिकतात. कोर्टाने काय शिक्षा द्यायची ती द्यावी, त्याने ती भोगावी, मग ज्या माईकवरून माझी थट्टा झाली त्याच माईकवरून सांगावं, मी बायकोचं हाड मोडलं. त्यानंतर लोकांना त्याला खेळवायचं असेल तर त्यांचं त्यांनी बघावं. पण माझ्या खोटेपणावर पाय ठेवून तो परत जाणार असेल, तर नाही. मरेपर्यंत नाही.

गेल्या रविवारी दुपारी अध्यक्ष रामवाडीला आले. बरोबर माझा बाप. बापाला मुद्दाम आणलं होतं, हे मला दारातच कळलं. त्यांनी टाइप केलेला कागद माझ्यासमोर ठेवला. त्यात लिहिलं होतं, मी पाय घसरून पडले आणि गैरसमजातून, रागाच्या भरात तक्रार दिली.

"पुढला कॅम्प सुरू व्हतोय," अध्यक्ष म्हणाले. "ओवाळलंस तेव्हाच माफ केलंस ना? मग सहीला काय अडतंय?"

मी बापाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. म्हणाला, "कर गो बाय सही. कागूदच हाय तो."

माझं डोकं सणकलं. मी उठले आणि दारात जाऊन पडले. खरोखर पडले, पालथी. अर्धी आत, अर्धी बाहेर. उजवा हात लांब करून बाहेरच्या पायरीवर टेकवला. डावा पाय मागे टाकला.

"बाबा, धर माझा घोटा."

बाप जागचा हलला नाही. अध्यक्ष म्हणाले, "अगो, काय नाटक लावलंस हे?"

"धरता येत नाय तर नुसता बघ," मी बापाला म्हणाले. "त्याने असाच धरला होता. माझा हात असाच बाहेर होता, मातीला लागला होता. मी सोड सोड म्हणत होते, दम तुटला नव्हता. तू पंच हायस ना? सांग. हात रेषेला लागला, दम हाय. कोण बाद?"

कबड्डीत असं आहे. धरलेल्या माणसाचा हात मधल्या रेषेला लागला आणि दम टिकून असला, की तो सुटला. धरणारा बाद. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं.

"हा काय खेळ हाय काय?" अध्यक्ष ओरडले.

मी पडल्या पडल्या म्हणाले, "खेळ तुम्ही केलात. माईकवरून."

 मी मान मागे वळवली, गाल फरशीला टेकला. मला बापाचे पाय तेवढे दिसत होते. मिठाने फाटलेले, टाचांत काळ्या भेगा.  मग वरून आवाज आला, घोगरा.

"धरणारा बाद."

मी उठले. कागद जसा होता तसा अध्यक्षांच्या हातात दिला. सही केली नाही.

माझा बाप मला जवळ घेईल असं मला वाटलं होतं. त्याने घेतलं नाही. तो चपला घालून खाली उतरला आणि अध्यक्षांच्याच गाडीत, मागच्या सीटवर जाऊन बसला. काचेतूनसुद्धा वर बघितलं नाही. जे माझ्या खोलीत बोलला ते तो कोर्टात बोलेल का, मला माहीत नाही. मी विचारणारही नाही.

तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी पावडर लावणार नाही, व्रण दिसू दे. तिथेही माणसं असतील, कुणी हसेल. मी हसणार नाही. मी सांगणार आहे की ओवाळलं ते मीच, फोटोतली बाई मीच, आणि हाड मोडलं तेही माझंच. त्या दिवशी सोड सोड म्हणत होते तेवढ्याच जोरात सांगणार आहे. माझा हात उंबऱ्याबाहेर होता. त्याने सोडलं नाही.