काज आणि बटण

सशांचे डॉक्टर ही ख्याती त्यांनी मागून घेतलेली नव्हती. उमेदीची वर्षं त्यांनी गोठ्यांत गुरं तपासण्यात काढली. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा बेकरी आणि चष्म्याचं दुकान यांच्या मधल्या दोन खोल्यांत त्यांनी दवाखाना थाटला. कुत्री-मांजरं येतील असा अंदाज होता. तीही आली, पण बाकड्यावर गर्दी झाली ती सशांच्या टोपल्यांची.

झाडू मारण्यापासून सुई भरून देण्यापर्यंत सगळं पाहणाऱ्या मावशी म्हणत, "कुत्रेवाला कुत्र्याचं दुखणं सांगून मोकळा होतो. या ससेवाल्यांना आधी स्वतःचं सांगायचं असतं."

खोटं नव्हतं ते. एक निवृत्त पोस्टमास्तर सशाच्या लेंड्या काडेपेटीत घालून आणत, वर तारीख आणि वेळ सुवाच्य अक्षरात. एका नव्या जोडप्याचं, ससा रात्री कुणाच्या उशाशी बसतो यावरून पार बिनसलं होतं. डॉक्टर सगळ्यांचं ऐकून घेत, हसत नसत. ससा ओरडत नाही, कण्हत नाही. दुखलं-खुपलं तर कोपऱ्यात बसून खाणं तेवढं सोडतो. त्यामुळे ससा पाळणारी माणसं नीट बघायला शिकतात, असं डॉक्टरांचं मत होतं. आपल्याला ते वेळेवर जमलं नाही, हे मात्र ते कुणाला सांगत नसत.

त्यांची एक रीत मावशींना मुळीच पसंत नव्हती. जोडीतला एक ससा गेला, तर त्याला जोडीदाराजवळ तास-दोन तास ठेवल्याशिवाय ते पुरू देत नसत.

त्या मंगळवारी दुपारी शिंपीणबाई आल्या. पन्नाशीच्या, एकट्या, गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत असलेली. त्यांच्या शिलाई यंत्राखाली चिंध्यांच्या गादीवर दोन ससे नांदत होते, काज आणि बटण. काजचं हृदय म्हातारपणाने थकलं होतं. टेबलावर ठेवल्यावर त्याने दोनदा नाक हलवलं, आणि मग हलवलं नाही.

बाईंनी मोजपट्टी काढून हातात गुंडाळली. "तुम्हीच काय ते करा याचं. मी नाही घरी नेत."

"बाई, बटणला एकदा बघू द्या."

"त्याला कशाला दुःख? गेलाय कुठे तरी फिरायला, असं वाटू दे त्याला. तो काय विचारणार आहे थोडाच?"

बाई गेल्या. डॉक्टरांनी काजला स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि लसींच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं.

"आता इथे?" मावशींनी कपाळाला हात लावला. "अहो, उद्या कुणी पाण्याची बाटली काढायला गेलं म्हणजे!"

"त्या परत येतील," डॉक्टर म्हणाले.

घरी जाताना 'फिरायला गेलाय' हे दोन शब्द त्यांची पाठ सोडेनात. वीस वर्षांपूर्वी ते त्यांच्याच तोंडून निघाले होते. लेक दहा वर्षांची होती, सुट्टीत मामाकडे गेली होती. ती निघाली त्याच दुपारी तिचा ससा, ढगोबा, गेला. करडा, एक कान पडलेला. पोर रडेल म्हणून डॉक्टरांनी त्याला कुंपणाशी पुरलं, वरची माती सारखी केली आणि ती परत आल्यावर सांगितलं, "फाटक उघडं राहिलं, गं. गेला कुठे तरी फिरायला."

ती रडली नाही. तिने विचारलं, "निघताना कडी मी लावली नव्हती का, बाबा?"

विषय एकदाचा संपावा म्हणून ते बोलून गेले, "राहिली असेल घाईत."

विषय संपला नाही. वर्षभर ती फाटकाबाहेर वाटीत हिरवा पाला ठेवत राहिली. "सांगून टाका तिला," बायको म्हणायची. आज नको, परीक्षा होऊ दे, असं म्हणता म्हणता बायकोही गेली आणि लेक दूरच्या शहरात नोकरीला लागली. दर रविवारी तिचा फोन येई. जेवलास का, गुडघे कसे आहेत, बरं. आणि बोलता बोलता मध्येच, "थांब हं बाबा, दाराची कडी बघून येते." दर वेळी. तेवढा वेळ ते रिकामा फोन कानाशी धरून बसत. लेक तिकडे होती, फोनही चालू होता, आणि तरी त्यांना तिची आठवण येई.

बुधवारी दवाखाना उघडतो न उघडतो तोच शिंपीणबाई टोपली घेऊन दारात.

"कालपासून पानाला तोंड लावलेलं नाही. घरभर शोधतोय हो! पायमोज्यांच्या टोपलीत, कपाटामागे. आणि पहाटेपासून नुसता बसलाय."

डॉक्टरांनी बटणचं पोट चाचपलं. कणकेच्या गोळ्यासारखं घट्ट. सशाचं पोट एकदा थांबलं की दिवसभरात खेळ आटोपतो. त्यांनी औषध टोचलं, पिचकारीने पातळ खाणं भरवायचा प्रयत्न केला. त्याने दात उघडले नाहीत.

"बाई, काज इथेच आहे."

त्या बघतच राहिल्या. मावशींनी फ्रिज उघडला.

फडकं जमिनीवर पसरलं. बटण आधी लांब थांबला. मग जवळ जाऊन त्याने काजच्या तोंडाचा वास घेतला, कान चाटले, नाकाने दोन ढुशा दिल्या. उठ, चल, असं म्हणावं तशा. मग त्याला टेकून बसला. बाई भिंतीशी बसून रडल्या. काल रडल्या नव्हत्या. अकराच्या सुमारास बटण उठला, फडक्यावरून उतरला आणि शोधायला कुठेच गेला नाही. दुपारी त्याने वाळल्या गवताची एक काडी ओढली. कुरकुर आवाज झाला, आणि मावशीच आधी म्हणाल्या, "खातोय मेला!"

बाई बटणची टोपली आणि फडक्यातला काज घेऊन निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "मला वाटलं होतं, न सांगणंच मायेचं."

"मलाही वाटलं होतं," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा? आज बुधवार आहे! बरा आहेस ना?"

"बरा आहे. तुला सांगायचंय. ढगोबा पळाला नव्हता. तू गेलीस त्या दुपारी तो गेला. मीच पुरला त्याला कुंपणाशी." त्यांनी श्वास घेतला. "कडी तू लावली होतीस, बाळ. मी स्वतः पाहिली होती."

तिने विचारलं, "त्याचा पडलेला कान कुठला, रे? डावा?"

"उजवा."

"मला इतकी वर्षं डावा वाटत होता." तिचा आवाज दहा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता. "मला बघू द्यायचं होतंस, बाबा."

"हो. द्यायला हवं होतं."

"आत्ता नाही बोलवत मला. रविवारी फोन करेन. बहुतेक."

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आज ती मध्येच कडी बघायला उठली नव्हती. ते बाहेर आले, कुंपणाशी गुडघे मोडून बसले आणि सारखी केलेली ती जागा शोधू लागले. ती येईल तेव्हा दाखवता यायला हवी. रविवारला अजून चार दिवस होते.